भुयाराच्या बाहेर

गेल्या दोन वर्षांत आमच्या घरच्या रविवारच्या दुपारचे स्वरूप पार पालटून गेले आहे. पूर्वी या वेळी पत्त्यांचा डाव पडे, चार वाजता चहा होई आणि मंडळी आपापल्या वाटेने जात. आता दिवाणखान्यातील मोठ्या मेजाभोवती कॉलेजात शिकणारी पाच मुलेमुली बसतात, मधोमध हाताने काढलेला एक नकाशा पसरलेला असतो, कोणी साधा तर कोणी वीस बाजूंचा फासा टाकतो, एखादी मुलगी गंभीर चेहऱ्याने "मी दार उघडत नाही, आधी कान लावून ऐकते" असे सांगते, आणि दिवेलागण झाली तरी कोणास उठण्याची शुद्ध नसते. फासे पाहून आमच्या घरातील वडील मंडळींस प्रथम द्यूतपर्वच आठवले. पुढे यात पैशाचा व्यवहार मुळीच नाही, कोणी हरत नाही व कोणी जिंकत नाही, किंबहुना खेळ संपावयाचा केव्हा याचाही काही नियम नाही, हे कळल्यावर त्यांचा संशय गेला आणि त्याची जागा कंटाळ्याने घेतली. आमचे मात्र उलट झाले. आम्ही प्रथम कंटाळलो आणि मग गुंतलो. येथवर, की गेल्या वर्षापासून त्या मेजाशी एक खुर्ची आमचीही आहे.

या खेळाविषयी एका वाङ्मयीन मासिकात लिहावयाचे, ते एवढ्याचसाठी की त्याची रीत खेळाची असली तरी त्याचे द्रव्य वाङ्मयाचे आहे. मंडळींपैकी एक जण सूत्रधार होतो. डोंगर, नद्या, गावे, राजे, राक्षस, ऊनपाऊस हे सारे त्याने कल्पावयाचे आणि तोंडी वर्णन करून सांगावयाचे. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यावयाचे, कोणी योद्ध्याचे, कोणी मांत्रिकाचे, कोणी चोराचे. आणि त्या जगात आपले पात्र काय करते ते बोलून दाखवावयाचे. जेथे यशापयशाची खात्री नाही तेथे फाशाने निकाल द्यावयाचा. यात नाटकासारखे संवाद आहेत पण संहिता नाही, कादंबरीसारखे कथानक आहे पण एक कर्ता नाही, आणि ऐकणारे तेच बोलणारे असल्यामुळे निराळा प्रेक्षक तर नाहीच. अशा पुष्कळ बैठकींची मिळून एक सलग कथा होते, तिला मोहीम म्हणतात. भुयाराच्या बाहेर पडल्यावर या मोहिमेचे काय होते, एवढाच आमच्या आजच्या लेखाचा विषय आहे.

भुयार हा शब्द आम्ही अलंकार म्हणून योजलेला नाही. ज्या खेळापासून हा सारा पंथ निघाला त्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या नावातच ते आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन प्रांतात लेक जिनीव्हा या लहानशा गावी १९७४ मध्ये तो प्रथम छापला गेला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. दोघेही युद्धखेळांचे शौकीन. प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ मध्ये नकाशावर लढावयाच्या लढाईचा खेळ रूढ केला होता. त्यात निवाडा देण्यासाठी एक पंच असे. दीडशे वर्षांनी त्याच पंचाचा सूत्रधार झाला. आर्नेसन यांनी आपल्या मित्रांच्या हाती पलटणींऐवजी एकेक माणूस दिला, आणि ब्लॅकमूर नावाच्या एका किल्ल्याच्या पोटातील तळघरांत त्यांस उतरविले. तेव्हापासून खेळणारे त्या तळघरातच रमले.

आणि त्यात नवल नाही. भुयाराची युक्ती कमी लेखण्याचे कारण नाही. भिंती असल्यामुळे पात्रे कोठे जाऊ शकतील हे सूत्रधारास आधीच ठाऊक असते. प्रत्येक दार हे एक प्रकरण, प्रत्येक जिना म्हणजे पुढील भागाची जाहिरात. आपल्याकडील जुन्या अद्भुत कादंबऱ्यांसही बंदिस्त जागेचे हे सामर्थ्य चांगले अवगत होते. हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) आणि रिसबूड यांची 'मंजुघोषा' (१८६८) यांच्या काळापासून ताटातूट, कैद आणि अकल्पित सुटका यांवर मराठी वाचक पोसला गेला. हिंदीत देवकीनंदन खत्री यांनी १८८८ मध्ये 'चंद्रकांता' लिहिली, तिच्यातील तिलिस्म म्हणजे कुलपांनी भरलेले भुयारच होय. खत्री यांनी चकिया व नौगढकडील जंगलांचे ठेके घेतले होते आणि तेथील पडके वाडे व दऱ्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. एवढ्या मोकळ्या रानात हिंडलेल्या मनुष्यासही कादंबरी रचताना कुलूप आणि तळघर हवेसे वाटले, यावरून त्या युक्तीची मोहिनी किती ते दिसते.

परंतु या सोयीचे मोल द्यावे लागते. भुयारात भेटणाऱ्या कोणासही काल नसतो आणि उद्या नसतो. तो दाराआड उभा असतो, कारण आपण दार उघडणार आहो. तो काय खातो, त्यास मुलेबाळे किती, त्याचा शेजाऱ्याशी तंटा कशावरून आहे, हे विचारण्याचे कारण पडत नाही. तेथे सापडलेले सोनेही असेच बेवारस. मूळ नियमांत तर लुटून आणलेल्या सोन्याच्या एका नाण्यास अनुभवाचा एक गुण, असा सरळ हिशेब आहे. जितके आणाल तितके शहाणे व्हाल! बंद तळघरात हा नियम खटकत नाही. किंबहुना खेळास त्याने चांगली गती येते.

मग बाहेर पडावयाचे कसे? १९७४ च्या त्या तीन चिमुकल्या पुस्तिकांपैकी तिसरीत भुयाराबरोबर रानावनाचाही विचार केला आहे. त्यासाठी 'आउटडोअर सर्व्हायव्हल' या दुसऱ्याच एका खेळाचा तयार पट घ्यावा अशी शिफारस आहे. त्या पटावर षट्कोणी घरे आहेत. एक घर पाच मैलांचे मानावयाचे. पायी चालणाऱ्याने दिवसास तीन घरे चालावयाची, डोंगर आला की चाल मंदावयाची. आणि वाटेत कोण भेटते ते फासा टाकून कोष्टकात पाहावयाचे. येथे एक गोष्ट मात्र फार मार्मिक केली आहे. भुयारातील एक पाळी दहा मिनिटांची, तर बाहेरची एक दिवसाची. घड्याळ बदलले की कथेची जात बदलते, हे त्या कर्त्यांनी नकळत का होईना ओळखले होते. काळाची काटेकोर नोंद ठेवल्यावाचून मोहिमेस अर्थ राहत नाही, असे गायगॅक्स यांनी पुढे १९७९ च्या मोठ्या ग्रंथात निक्षून सांगितले, तेही याच जाणिवेतून असावे.

तथापि एकंदरीत पाहता, ते रान म्हणजे छप्पर काढलेले भुयार आहे. खोल्यांच्या जागी षट्कोण आले, दारांच्या जागी खिंडी आल्या, एवढेच. १९८१ मध्ये निघालेल्या 'आइल ऑफ ड्रेड' या प्रसिद्ध बेटाच्या मोहिमेत खेळाडूंच्या हाती बहुतेक कोरा नकाशा देऊन तो त्यांनी चालत चालत भरावा अशी योजना आहे. योजना सुरेखच आहे. पण बेटाच्या एका टोकास तटाआड राहणारी जी गावे आहेत, त्यांतील माणसे पाहुणचार करतात, माहिती सांगतात आणि पाने उलटली की कथेतून नाहीशी होतात. त्यांच्या बेटावर परके येऊन काय काय उचलून नेतात याविषयी त्यांचे म्हणणे काय, हे कोणी विचारीत नाही.

आमचा पुतण्या आमच्या मेजावरील मोहिमेचा सूत्रधार. पहिले आठ महिने त्यानेही मंडळीस एका निनावी किल्ल्याखाली हिंडविले. नवव्या महिन्यात योद्ध्याचे पात्र घेतलेला मुलगा म्हणाला, "अरे, ऊन दाखव आता!" तेव्हा पुतण्याने कथा उचलून तोरणमाळावर नेली. स्थळाची निवड त्याने दोन कारणांनी केली. तो स्वतः तेथे एकदा जाऊन आला होता, आणि आमच्या मंडळीतील एका मुलीचे आजोळ धडगावाकडील पावरा समाजातले आहे.

ज्या वाचकांनी तोरणमाळ पाहिले नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. सातपुड्यात, तापी आणि नर्मदा या दोन नद्यांच्या मध्ये, अक्राणी तालुक्यात हे पठार सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. पूर्वी ते धुळे जिल्ह्यात मोडे. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा निराळा झाला तेव्हापासून त्या जिल्ह्यात. शहाद्याहून जाणारा रस्ता सातपायरी घाटाची वळणे चढून वर येतो. वर यशवंत तलाव, कमळांचा तलाव, सीताखाईची खोल दरी, गोरखनाथांचे देऊळ आणि मच्छिंद्रनाथांची म्हणून दाखविली जाणारी गुंफा. महाशिवरात्रीस गोरखनाथांची मोठी यात्रा भरते. भिल्ल आणि पावरा यांची वस्ती. गाव म्हणजे एकाला एक लागून उभी असलेली घरे, ही आपली देशावरची कल्पना येथे चालत नाही. ज्याचे शेत त्याच्या शेतात त्याचे घर, आणि असे विखुरलेले पाडे मिळून एक गाव.

आता या भूमीवर पाच मैलांचे षट्कोण टाकून पाहा. दोन्ही तलाव, खाई, देऊळ, गुंफा आणि झाडून सारे पाडे एका घरात नाही तर फार तर दोन घरांत मावतात! नियमाप्रमाणे पाहू गेल्यास आमची मंडळी एका सकाळी तोरणमाळात शिरून दुपारी बाहेर पडावयाची. पहिल्या रविवारी झालेही तसेच. घाट हा बोळ झाला, पाडा ही खोली झाली, कोष्टकावर फासा पडला आणि झाडीतून चार भालेवाले धावून आले. ते कोण, कशासाठी आले, याचा पत्ता नाही. दोन मारले गेले, दोन पळाले. नंतर एका ओस खोपटात जमिनीखाली मडके सापडले, त्यात चांदीची कडी, वाळे आणि साखळ्या. मंडळी खूष झाली. पुतण्याचा डोळा मच्छिंद्रनाथांच्या गुंफेवर होता, तिच्याखाली तीन मजले खणण्याचा त्याचा बेत त्याने आम्हास खासगीत सांगितलाही होता. आम्ही त्यास एवढेच म्हटले, की बाबा रे, मग एवढा घाट चढून वर कशाला आलो?

दुसऱ्या रविवारी मंडळी चांदी घेऊन शहाद्यास उतरली. आमचे पात्र एका वृद्ध वैद्याचे आहे. मोहिमेचा खर्च त्याच्याकडे असल्यामुळे त्याने त्यातील एक कडे बाजारात मोडून दोर, पीठ आणि मशालींसाठी तेलाच्या सहा कुप्या घेतल्या. लूट सुखरूप गावात पोहोचली म्हणून पुतण्या तिचे गुण मांडू लागला. एवढ्यात ती धडगावाकडील मुलगी, जिचे पात्र धनुर्धारिणीचे आहे, म्हणाली, "थांब जरा. ही चांदी कोणाची?"

पुतण्या म्हणाला, "कोणाची म्हणजे? खोपटात सापडली."

"अरे, खोपट होते म्हणजे शेत होते. शेत होते म्हणजे घर होते. चांदी कोणी उगाच पुरीत नाही."

मेजाभोवती थोडा वेळ कोणी बोलेना. आमच्या मते आमची मोहीम भुयाराच्या बाहेर पडली ती या क्षणी. घाट चढलो तेव्हा नव्हे. पुतण्याच्या वहीत या प्रश्नाचे उत्तर नव्हते. त्याने ते तेथल्या तेथे ठोकून दिले नाही, आठ दिवसांची मुदत मागितली, हे त्यास शोभले. पुढील रविवारी तो आला तो एक कुटुंब घेऊन. पावरा समाजात वराकडून वधूपक्षास देज द्यावयाचे असते. ही चांदी एका घराने मुलाच्या लग्नासाठी दोन पिके विकून जमविली होती. त्या वर्षी वाटमारीचे भय होते म्हणून ती शेतातल्या खोपटात पुरली होती. आणि ते चार भालेवाले? ते त्या घरातले भाऊ होते. आपल्या शेतात शिरलेल्या परक्यांवर ते धावून आले होते. दोघे आमच्या हातून मेले होते.

हे ऐकून योद्ध्याचे पात्र घेतलेला मुलगा चिडला. आधी सांगितले नाहीस, ही फसवणूक आहे, असे त्याचे म्हणणे. त्याच्या तक्रारीत तथ्य आहे आणि या कलेच्या समीक्षेत तिला स्थान मिळाले पाहिजे. ज्या नियमांवर भरवसा ठेवून खेळाडू वागला ते नियम मागाहून बदलून त्यास अपराधी ठरविणे, हे कादंबरीकाराने शेवटच्या पानावर नायकास खुनी ठरविण्यासारखे आहे. पण पुतण्याचा दोष मागाहून उत्तर देण्यात नाही. पहिल्या रविवारी माणसांऐवजी कोष्टक आणले यात आहे. भालेवाल्यांपैकी एकाने जरी तोंड उघडून दोन शब्द बोलले असते, तरी मंडळीस निवड करता आली असती. बाहेरच्या जगाची पहिली अट हीच, की तेथे कोणालाही बोलता आले पाहिजे.

त्यानंतरचे रविवार हे आम्ही पाहिलेल्या साऱ्या खेळात उत्तम होत. चांदी परत करावयाची असे ठरले; ते तीन विरुद्ध दोन मतांनी ठरले आणि विरोधी दोघेही सोबत निघाले, हे आम्हास विशेष आवडले. कथेतील तिथी महाशिवरात्रीची होती. लग्न होळीनंतर व्हावयाचे. महाशिवरात्र ते होळी मध्ये सोळा दिवस, म्हणजे सोळा पाळ्या. एवढ्यात ज्याच्या घरची दोन माणसे आपण मारली त्याचा पाडा शोधावयाचा, त्याच्यापुढे उभे राहावयाचे, आणि जिवंत परत यावयाचे. घाट तोच, रान तेच, पण आता प्रत्येक पाडा निराळा झाला. एका ठिकाणी पाटील भेटला तो काही बोलेना. दुसरीकडे पुजाऱ्याने नुसते बसवून घेतले आणि अर्धी पाळी खर्ची घातली. मोहफुले वेचणाऱ्या बायकांनी चुकीची वाट सांगितली, आणि ती मुद्दाम सांगितली हे दोन दिवस चालल्यावर कळले. एकाही तलवारीस धार लावावी लागली नाही. पाच मैलांच्या घराचे काय झाले म्हणाल, तर पुतण्याने तो नकाशा फाडून टाकला आणि पाड्यापाड्यांमधील वाटा तेवढ्या काढल्या. कोणत्या पाड्याचे कोणत्या पाड्याशी सोयरिकीचे नाते आणि कोणाशी वैर, ते त्याने त्या वाटांवर लिहून ठेवले. आम्हास वाटते, भुयाराबाहेरचा खरा नकाशा हाच.

सारेच चांगले झाले असे मात्र नाही. मध्यंतरी योद्ध्याची पायरी एवढी वाढली की जुन्या नियमांप्रमाणे त्यास एखादा मुलूख साफ करून गढी बांधण्याचा व तेथे कर बसविण्याचा अधिकार आला. त्याने तो मागितला. पुतण्याने दिला. पुढील दोन रविवार दगड, गवंडी, धान्य आणि कर यांच्या हिशेबात असे गेले की आमच्यासारख्यास, ज्याने आयुष्याची तीस वर्षे हिशेबाच्या वह्यांत घातली, तेथून उठून जावेसे वाटले. राज्यकारभार आणला म्हणजे कथा मोठी झाली, असा पुष्कळ सूत्रधारांचा समज दिसतो. आमच्या अनुभवावरून तो खोटा आहे.

पण त्या 'मुलूख साफ करणे' या शब्दांपाशी क्षणभर थांबले पाहिजे. मूळ नियमांच्या कर्त्यांपुढे असलेले रान रिकामे आहे. त्यात जे आहे ते हटवावे आणि आपली गढी उभारावी, असा त्याचा रोख आहे. कल्पनेच्या देशात हे निरुपद्रवी असेल. सातपुड्यात हे शब्द उच्चारताच त्यांस इतिहास चिकटतो. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या हाती गेल्यावर डोंगरातील भिल्लांचा 'बंदोबस्त' करण्याचा प्रश्न त्यांनी असाच मांडला. १८२५ मध्ये औट्रम याच्या हाताखाली भिल्लांचीच पलटण उभी केली. १८७८ च्या कायद्याने राने राखीव होऊ लागली आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणारे आपल्याच रानात आगंतुक ठरले. त्या जमिनीवरील त्यांचा हक्क कायद्याने मान्य होण्यास २००६ साल उजाडले. आणि तोपर्यंत सरदार सरोवराच्या पाण्याने नर्मदाकाठच्या गावांस वेढले होते. महाराष्ट्राची ३३ गावे त्या बुडीत क्षेत्रात आली, त्यांत अक्राणीतीलही होती. रिकामा नकाशा हा कधीच रिकामा नसतो, हे आमच्या त्या योद्ध्यास कोणी व्याख्यान देऊन सांगितले नाही. गढीचा पाया खणावयास मजूर मिळेनात, एवढेच झाले. आणि का मिळत नाहीत हे विचारावयास तो स्वतः पाड्यावर गेला. तो प्रसंग अर्ध्या तासाचा होता. हिशेबाचे दोन रविवार त्याने भरून निघाले असे आम्ही म्हणणार नाही, पण गढी तेथेच राहिली.

आता ज्या प्रसंगासाठी मुख्यतः हा लेख लिहावयास घेतला तो सांगतो. त्याच अक्राणी तालुक्यात अस्तंब्याचे शिखर आहे. दिवाळीच्या सुमारास तेथे यात्रा जाते. अस्तंबा म्हणजे अश्वत्थामा. कपाळावरचा मणी गेला, जखम भरत नाही आणि मरण येत नाही, असा तो चिरंजीव त्या डोंगरांत हिंडतो, जखमेसाठी तेल मागतो आणि चुकलेल्या वाटसरूस वाट दाखवितो, असे लोक सांगतात. पुतण्याच्या मनात त्यास मोहिमेच्या शेवटी उभा करावयाचे फार दिवसांपासून होते. प्रथम त्याने काय केले होते, तर त्याच्या अंगी किती बळ, किती घाव सोसावयाची शक्ती, याचे आकडे मांडून ठेवले होते! या बाबतीत त्यास पूर्वाधार आहे. १९८० मध्ये 'डीटीज अँड डेमिगॉड्स' या नावाचा ग्रंथ त्या अमेरिकन मंडळींनी काढला, त्यात इंद्र, अग्नी, यम, काली यांचेही असे आकडे दिले आहेत. वाचकांपैकी कित्येकांस हे वाचून राग येईल. आम्हास राग आला नाही, हसू आले. ज्यास मरण नाही हेच ज्याचे दुःख, त्याच्यापुढे किती घावांनी मरेल याचा आकडा मांडणे ही श्रद्धेची हानी असो वा नसो, कथेची हानी खास आहे. जी गोष्ट त्या पात्रात नाटक निर्माण करते तीच त्या आकड्याने पुसली जाते.

त्या धडगावाकडील मुलीने ते टिपण पाहिले. "माझी आजी असे सांगत नाही," एवढेच ती म्हणाली. पुतण्याने टिपण फाडले की नाही ते आम्हास ठाऊक नाही. पण पुढील रविवारी जे घडले ते असे.

होळीपूर्वीच्या आठवड्यात त्या भागात भोंगऱ्या बाजार भरतात. होळीच्या खरेदीसाठी पाड्यापाड्यांवरून माणसे वाजतगाजत उतरतात. आम्ही शोधीत होतो ते घर धडगावच्या बाजारास येणार अशी बातमी मिळाली होती. बाजार दुसऱ्या दिवशी सकाळी. आम्ही अजून रानात, मध्ये दरी, आणि सूर्य बुडालेला. रात्रीतून चालल्यावाचून गत्यंतर नव्हते. आणि चालावयाचे तर मशाली हव्यात. सहा कुप्यांपैकी दोनच उरल्या होत्या. वाटेच्या वळणावर एक उंच मनुष्य झाडास टेकून बसला होता. डोक्यास फडके. त्याने नाव सांगितले नाही, शस्त्र काढले नाही, कोड्यात बोलला नाही. पुतण्या अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "तो विचारतो, थोडे तेल आहे का?"

हे वाचणाऱ्यास कदाचित मोठेसे वाटणार नाही. पण या खेळातील तेलाची कुपी काय असते हे लक्षात घ्या. भुयारात तेल म्हणजे उजेड, आणि उजेड म्हणजे प्राण. शिवाय ते पेटवून फेकले की अंगावर येणारे राक्षस मागे हटतात, ही युक्ती त्या १९७४ च्या पुस्तिकांपासून चालत आलेली आहे. आमच्या मंडळीने आठ महिने भुयारात तेलाकडे याच दृष्टीने पाहिले होते. आता तीच वस्तू कोणी जखमेसाठी मागत होता. दिले तर बाजार चुकणार, न दिले तर… न दिले तर काहीच होणार नव्हते. तो शाप देणार नव्हता की अंगावर येणार नव्हता. हे पुतण्याने विचारल्यावर स्पष्ट सांगितले. फासा टाकण्यासारखे त्यात काही नव्हते. वीस मिनिटे मंडळी आपसांत बोलत होती. एक म्हणे, अर्धी कुपी द्यावी. एक म्हणे, हा तोच कशावरून? योद्धा, जो चांदी परत करण्याच्या विरुद्ध होता, त्याने शेवटी दोन्ही कुप्या नकाशावर ठेवल्या, म्हणजे आमच्या घरातल्या दोन बाटल्यांची बुचे ठेवली, आणि म्हणाला, "माझ्याकडून दोन माणसे मेली आहेत. द्या." मनुष्याने तेल घेतले. वाट दाखविली नाही. रात्रभर मंडळी अंधारात एका खडकाशी बसून राहिली, आणि धडगावास पोहोचली तेव्हा बाजार मोडला होता.

वाट न दाखविल्याबद्दल मुलांनी पुतण्यास दोष दिला. लोक सांगतात त्याप्रमाणे त्याने वाट दाखवावयास हवी होती, असे त्यांचे म्हणणे. आम्ही या बाबतीत पुतण्याच्या बाजूचे आहो. तेलाच्या बदल्यात वाट मिळाली असती तर तो पुन्हा सौदाच झाला असता, एका नाण्यास एक गुण या मापाचा.

एक उणीव मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. पाड्यावरील माणसे पुतण्या मोडक्या मराठीत बोलवितो, चित्रपटांत बोलवितात तशी. त्यांची पावरी ही स्वतंत्र बोली आहे. ती बोलणारा आपल्या भाषेत मुळीच अडखळत नाही, अडखळतो तो ऐकणारा. यावर त्या मुलीने सुचविलेला उपाय असा, की पाड्यावरील माणसांचे बोलणे सूत्रधाराने शुद्ध, सरळ मराठीतच द्यावे, आणि अडखळत बोलावयाचे ते आपल्या पात्रांनी. हा उपाय दोन रविवार करून पाहिला. मांत्रिकाचे पात्र घेतलेला मुलगा, जो एरवी सर्वांत अधिक बोलतो, तो पाड्यावर शिरताच मुका होऊ लागला.

होळीच्या रात्रीचा प्रसंग अद्याप पुरा झालेला नाही. घर सापडले. होळीभोवती बावा-बुद्या नाचत होते, कमरेस भोपळे व घुंगरे बांधलेले, आणि त्या गलक्यात आमची मंडळी मडके घेऊन उभी राहिली. ज्या दोघांस आम्ही मारले त्यांची आई पुढे आली. ती रडली नाही, बोललीही नाही. खाली बसून चांदी मोजू लागली. साखळ्या मोजल्या, वाळे मोजले, कडी मोजली. पुन्हा मोजली. मग वर पाहून म्हणाली, "एक कडे कमी आहे."

मेजाभोवतालची सारी तोंडे आमच्याकडे वळली. त्या कड्याचेच तेल आले होते. परीक्षा जवळ आल्या म्हणून पुतण्याने येथे वही मिटली. वैद्यबुवा काय उत्तर देतात ते मेअखेर सांगावे, अशी त्याने आम्हास सवड दिली आहे.